सोळाशे एकोणतीस येतंय, बाई!

ही हकिगत २०२५ च्या पावसाळ्यातली, सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतली. मी बी.एड. महाविद्यालयात इतिहास अध्यापन पद्धती शिकवतो. दुसऱ्या वर्षाची मुलं इंटर्नशिपला शाळांत गेली की त्यांचे पाठ मागच्या बाकावर बसून पाहायचे, निरीक्षण वहीत शेरा लिहायचा आणि गुण द्यायचे, हे माझं काम. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलांनी विचारलेले प्रश्न बदललेले नाहीत, कारण सगळं प्रकरण त्या प्रश्नांचंच आहे.

ज्या छात्राध्यापिकेचा, म्हणजे इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थिनीचा, पाठ मी पाहत होतो ती इतिहासाची एम.ए., पहिला वर्ग. मराठ्यांचा इतिहास हा तिचा आवडीचा पेपर. मोडी लिपीचा छोटा अभ्यासक्रमही तिने हौसेने केलेला. बी.एड.ला पहिली पद्धत इतिहास, दुसरी मराठी. भूगोल दहावीनंतर सुटला तो सुटलाच. आमच्याकडे येणाऱ्या इतिहासाच्या बहुतेक पदवीधरांची हीच गत असते, आणि नोकरी लागली की वेळापत्रकात त्यांच्याच नावापुढे भूगोलाच्या तासिकाही लागतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

तिचा तो पाठ सातवीच्या इतिहासातला ‘स्वराज्यस्थापना’. पाठ्यपुस्तकात शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी आणि तारीख दोन्ही दिलेली आहेत: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पाठाचं टाचण नेटकं होतं. प्रस्तावनेला शिवनेरीचं चित्र, मग हेतुकथन, मग विषयविवेचन. फळ्यावर तिने तिथी लिहिली, शेजारी तारीख लिहिली, आणि कालगणनेची आठवण म्हणून एक ओळ सांगून टाकली: “शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो.” उदाहरणही दिलं. राज्याभिषेक शके १५९६, त्यात ७८ मिळवले की १६७४. मुलांनी वहीत बेरीज केली, ती जुळली.

इथे पहिला हात वर झाला. “बाई, आमच्या घरी महाराजांचा फोटो आहे, त्याच्याखाली १६२७ लिहिलंय. आजोबा म्हणतात तेच खरं.”

खरं सांगायचं तर मी मागे सावरून बसलो. असा प्रश्न आला की छात्राध्यापक बहुधा “तो जुना फोटो असेल” म्हणून पुढे जातात. ही गेली नाही. तिचे डोळे चमकले. एम.ए.च्या दोन वर्षांत जे मनापासून वाचलं होतं ते विचारणारा कोणीतरी अखेर भेटला होता. तिने सांगायला सुरुवात केली. शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७, ही मिती चिटणीस बखरीसारख्या उशिराच्या साधनांवरून रूढ झाली होती. मग भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे वर्षवार घटनांची नोंद, पुढे आली, लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रकाशात आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया निघाली. महाराजांच्या हयातीतल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी. जोधपूरकडे मिळालेल्या एका कुंडलीचा तिला दुजोरा. १९६६ मध्ये राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही, आणि १९ फेब्रुवारी ही तारीख शासनाने पुढे बऱ्याच वर्षांनी स्वीकारली. समकालीन साधन, उत्तरकालीन साधन, बाह्य परीक्षण, अंतर्गत परीक्षण असं सगळं ओघात आलं.

बारा मिनिटं. एकही चूक नाही. आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर एकही मूल सोबत नाही. प्रश्न विचारणारा मुलगाच शेजाऱ्याच्या कंपासपेटीत काहीतरी शोधत होता. त्याला १६२७ का १६३० एवढंच हवं होतं, आणि त्याच्यावर सहा साधनांची नावं कोसळली होती.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती मघापासून बेरीज करत होती. “बाई, १५५१ मध्ये ७८ मिळवले तर सोळाशे एकोणतीस येतंय. सोळाशे तीस नाही येत.”

तिने वही वर धरून दाखवली. बेरीज बरोबर होती. वर्ग एकदम जागा झाला, कारण हे सगळ्यांना तपासता येण्यासारखं होतं. पाच-सहा जणांनी लगेच वहीत मांडलं आणि “हो बाई, एकोणतीसच!” असा गलका झाला. आणखी एकाने १५४९ मध्ये ७८ मिळवले, १६२७ आले. “फोटोवरचं बरोबर येतंय की!”

छात्राध्यापिका फळ्याकडे वळली, आकडे पाहिले, पुन्हा वर्गाकडे वळली. मग म्हणाली, “पुस्तकात दिलंय ते बरोबर आहे. तेच लिहा.” तास संपला.

छापलेल्या गोष्टीलाही पुरावा मागायचा, हे बारा मिनिटं समजावून सांगितल्यावर आलेलं हे वाक्य. तिला ते बोलतानाच लागलं असावं, कारण खडू ठेवताना हात थरथरत होता.

शिक्षक खोलीत शाळेच्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या, “छान बोलता हो तुम्ही. पण परीक्षेला रिकाम्या जागेत एकच तारीख येते. पोरांच्या डोक्यात तीन घातल्या तर पेपर तपासताना मला कळतं.” त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, मी तसं करणार नाही. त्यांच्याकडे चार तुकड्या आहेत, अधूनमधून मतदार यादीचं काम आहे, आणि सहामाहीच्या आत पुस्तकाचा अर्धा भाग संपवायचा आहे. पाठाच्या शेवटी वर्गात नेमकं काय उरलं, हे त्यांनी माझ्यापेक्षा लवकर ओळखलं होतं.

मी निरीक्षण वहीत काय लिहिलं? ‘प्रस्तावना परिणामकारक. आशयावर प्रभुत्व उत्तम. फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांमुळे विषयांतर, वेळेचे नियोजन बिघडले. संकलन, उपयोजन राहिले.’ गुण थोडे कमी केले. मुलीच्या बेरजेचा उल्लेखही केला नाही.

एसटीत बसल्यावर ती बेरीज मी करून पाहिली. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणजे असं मी समजत होतो. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, इंग्रजी वर्ष जानेवारीत, म्हणून काही महिने ७९ मिळवायचे असतात. पण हे सातवीच्या मुलीला कसं सांगायचं, फळ्यावर काय काढायचं, असा विचार करायला लागलो तेव्हा मलाही नीट मांडता येईना. सतरा वर्षं कालगणना या घटकावर टाचणं तपासतोय. ‘आशयावर प्रभुत्व उत्तम’ हा शेरा मग टोचायला लागला.

तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं

दुसऱ्या दिवशी ती फोनवर म्हणाली, “सर, आम्हाला हे कधी करावंच लागलं नाही. तारीख हवी असली की जंत्री, म्हणजे तिथी-तारखांची तयार कोष्टकं, उघडायची.” या वाक्यात प्रकरणाचं मूळ आहे. विद्यापीठात इतिहास शिकताना विद्यार्थी कोणत्या साधनावर विश्वास ठेवायचा यावर पानंच्या पानं लिहितो. शके १५५१ चे १६३० कसे होतात हे तिथे गृहीत असतं. ते काम जंत्रीचं. बी.एड.ला आलं की आम्ही आशय विश्लेषणाचा तक्ता भरून घेतो. त्यात ‘तथ्ये’ या रकान्यात तिने तिथी आणि तारीख लिहिली होती आणि मी बरोबरची खूण केली होती. आम्ही धरून चालतो की आशय विद्यापीठाने शिकवला आहे, आपण फक्त तो पोहोचवायचा कसा ते शिकवायचं. दोन्हीकडे जे गृहीत धरलं जातं, ते कोणीच शिकवत नाही, आणि बारा वर्षांचं मूल नेमकं तेच विचारतं. त्याला साधनांची प्रतवारी नको असते. हा आकडा इथे आला कुठून, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

एकात एक मिसळलेल्या दोन चुका होत्या. ‘शकात ७८ मिळवा’ हा नियम तिने अर्धाच सांगितला, आणि उदाहरणही असं निवडलं की ज्यात अर्धा नियम पुरतो. राज्याभिषेक ज्येष्ठातला, म्हणजे जूनमधला. तिथे ७८ च लागतात. फाल्गुन मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, शक अजून जुनाच चालू असतो. अर्ध्या नियमाने १६२७ बरोबर ठरत होतं आणि १६३० चूक. म्हणजे बखरीतली जी मिती ती खोडून काढत होती, तिच्या बाजूने तिनेच मुलांच्या हातात पुरावा दिला होता.

मी तिला म्हटलं, पुन्हा शिकव. शाळेच्या बाईंनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतली कार्यानुभवाची तासिका दिली. “पोर्शनमधला तास मागू नका, हा घ्या,” म्हणाल्या. तेवढंही पुष्कळ होतं.

शनिवारची तासिका

तिने मुलांना घरून जुनी कालनिर्णय आणायला सांगितली होती. गावाकडे जुनं कालनिर्णय फेकत नाहीत. त्याच्या मागे दुधाचा हिशेब असतो. २०२३, २०२४ आणि २०२५ ची मिळून दहा-बारा जमली. कोऱ्या कागदांना कागद चिकटवून तिने एक लांब पट्टी केली आणि भिंतीवर लावली. आज तिने सुरुवातीला काहीच सांगितलं नाही. “होळीनंतर कायकाय येतं?” एवढंच विचारलं.

हे मुलांना तोंडपाठ. होळी, दुसऱ्या दिवशी धुळवड, मग रंगपंचमी, मग पाडवा. “रंगपंचमीच्या आधी दोन दिवस आणखी काय असतं?” एक-दोघांना आठवलं: “तिथीची शिवजयंती! मिरवणूक असते.” फाल्गुन वद्य तृतीया या तीन जड शब्दांचा पत्ता मुलांना असा लागला. धुळवड आणि रंगपंचमीच्या मधली मिरवणूक. मग तिने पट्टीवर पाडव्याला लाल रेघ मारली आणि म्हणाली, शकाचा आकडा इथे बदलतो. खालच्या बाजूला निळी रेघ, एक जानेवारी, इसवी सन इथे बदलतो. “आता शके १५५१ इथपासून इथपर्यंत. बोट ठेवा. महाराजांचा जन्म कुठे?”

बेरीज करणारी मुलगीच पुढे आली. तिने बोट लाल रेघेच्या अलीकडे ठेवलं, मग खाली निळ्या रेघेकडे पाहिलं, आणि म्हणाली, “खालचं वर्ष आधीच बदललंय. वरचं बदलायचं राहिलंय.” मग स्वतःच, “म्हणून इथे एक जास्त मिळवायचा.”

एक जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९, पाडव्यानंतर डिसेंबरअखेर ७८. नियम छात्राध्यापिकेने फळ्यावर लिहिला तो मुलांच्या तोंडून आल्यावर. मग १५४९ चा वैशाख त्याच पट्टीवर तपासला. वैशाख पाडव्याच्या पुढचा, म्हणून ७८, म्हणून १६२७. दोन्ही बेरजा आपापल्या जागी बरोबर. म्हणजे फोटो छापणाऱ्याची बेरीज चुकलेली नव्हती, त्याने घेतलेली तिथीच वेगळी होती. आता बखर आणि शकावलीचा प्रश्न मुलांना पडला, आणि या वेळी उत्तर द्यायला तिला चार मिनिटं लागली.

तिने साधनांची नावं तीनच सांगितली. चिटणीस बखर जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची. जेधे शकावली स्वराज्याच्या कामात वावरलेल्या घराण्याची. शिवभारत महाराजांच्या काळातल्याच कवीचं. “कोणावर विश्वास ठेवाल?” बहुतेकांनी “जवळच्यावर” म्हटलं. हे पुस्तकी उत्तर झालं. पहिल्याच धड्यात इतिहासाची साधने शिकवलेली आहेत. पण फोटोवाला मुलगा म्हणाला, “जवळचा माणूस पण वाढवून सांगतो की. राजाचा कवी आहे म्हटल्यावर.” एम.ए.च्या चर्चासत्रात यावं असं वाक्य. ती हसली आणि विचारलं, “मग कवी आणि जेधे, एकमेकांना न विचारता दोघांनी एकच दिवस सांगितला असेल तर?” मुलगा विचारात पडला. तिने त्याला तसाच विचारात राहू दिलं. हे तिने चांगलं केलं.

मग एक प्रश्न आला, ज्याची आम्ही आधी फोनवर चर्चा केली होती आणि जो टाळायचं ठरवलं होतं. तीन कालनिर्णयं समोर होती. तिथीची शिवजयंती २०२३ ला १० मार्च, २०२४ ला २८ मार्च, २०२५ ला १७ मार्च. एक मुलगा म्हणाला, “बाई, ही दरवर्षी मार्चमध्येच येते. मग १९ फेब्रुवारी कशी?”

या प्रश्नाला दोन थर आहेत. तारखा मागे-पुढे का सरकतात, हा एक. बारा चांद्रमास मिळून साधारण ३५४ दिवस, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात, आणि अधूनमधून अधिक महिना येऊन ते पुन्हा पुढे ढकलले जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून १० मार्चवरून थेट २८. हा थर भूगोलाचा, आणि तिला तो आदल्या रात्री शिकून यावा लागला होता. दुसरा थर अवघड: १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या कॅलेंडरने मोजली तर तो दिवस १ मार्च १६३० येतो. वार दोन्हीकडे शुक्रवारच, कारण दिवस तोच आहे, मोजायची पट्टी तेवढी वेगळी.

हे सातवीत सांगू नकोस, असं मी म्हटलं होतं. माझं कारण साधं होतं. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला, मिरवणूक तिथीला, त्यात तिसरी तारीख घातली की मूल घरी जाऊन “बाई म्हणाल्या एक मार्च” असं सांगणार, आणि पुढचा आठवडा मुख्याध्यापकांच्या खोलीत जाणार. महाराजांविषयी वर्गात बोललेलं वाक्य घरी वेगळ्या रूपात पोहोचतं, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. पण विचारलं गेल्यावर तिने दोन वाक्यांत सांगितलं: “इंग्रजी कॅलेंडर एकदा दुरुस्त केलं, त्यामुळे महाराजांच्या काळच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो. १९ फेब्रुवारी जुन्या कॅलेंडरची आहे, म्हणून ती लवकर वाटते.” १ मार्च हा शब्द तिने उच्चारला नाही. ज्याला बेरीज करायची असेल तो करेल. मला हा निर्णय माझ्या सल्ल्यापेक्षा बरा वाटला. अजूनही पूर्ण खात्री नाही. दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या गावात मी कदाचित टाळायलाच सांगेन.

गृहपाठ

मूळ टाचणात गृहपाठ होता ‘महाराजांच्या बालपणाविषयी दहा ओळी लिहा’. तिने तो बदलला: घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला जन्मतारीख विचारा, आणि ती कशावरून माहीत आहे तेही विचारा.

सोमवारी वह्या आल्या त्या पाहायला मी मुद्दाम गेलो. एकेचाळीस मुलांपैकी तीस जणांनी लिहून आणलं होतं. त्यातल्या सतरा आजी-आजोबांची जन्मतारीख एक जून. एका मुलीच्या दोन्ही आज्या आणि एक आजोबा, तिघंही एक जूनचे. वर्ग हसत सुटला. मग कोणीतरी विचारलंच, असं कसं, बाई? शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहून टाकायचे, म्हणजे पहिलीला वय बसायचं. तोच आकडा जनरल रजिस्टरात, तोच दाखल्यावर, तोच आता आधार कार्डावर.

त्याच वह्यांत कागदावरच्या तारखेखाली दुसरी ओळ होती. ‘आजी म्हणते कोयनेच्या भूकंपात मी पाळण्यात होते.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर आई गेली होती तेव्हा.’ ‘आखाडात, बेंदराच्या दिवशी.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. ज्या आजी तेव्हा पाळण्यात होत्या, त्यांच्या कार्डावर १ जून १९६४ होतं. साडेतीन वर्षांचं पोर पाळण्यात नसतं, हे मुलांनी स्वतःच काढलं. पहिल्या धड्यात लिखित, भौतिक, मौखिक असे साधनांचे प्रकार शिकवताना आपण नकळत लिखिताला वरचा पाट देतो. इथे सही-शिक्क्याचा कागद खोटा ठरत होता आणि आजीची आठवण खरी. छात्राध्यापिकेला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तिने फक्त मौखिक साधनाचा सराव म्हणून गृहपाठ दिला होता.

शाळेच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तास संपल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा उचलला, दोन-तीन चाळल्या आणि म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंची पण एक जूनच आहे. पेन्शनच्या कागदावर. त्या म्हणतात मी गौरीत झाले.” मग घड्याळाकडे पाहून, “उद्या पुढचा भाग घ्या. अफजलखान एकाच तासात संपवायचा.”

फोटोवाल्या मुलाने वहीत जन्मतारखेशिवाय आणखी एक निरोप आणला होता, आजोबांचा. आमच्या वेळी शिवजयंती अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी असायची, ती कोणी आणि का बदलली ते बाईंनी घरी येऊन सांगावं, चहा घ्यावा. ती गेली. जेधे शकावलीची छापील प्रत सोबत नेली होती. आजोबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि विचारलं, “आणि हे जेधे कोणाला विचारून लिहीत होते?”

माझ्या निरीक्षण वहीतला पहिला शेरा शाईने लिहिलेला आहे, तो खोडता येत नाही. त्याखाली तारीख घालून मी आणखी दोन ओळी लिहिल्या. गुण बदलायची सोय त्या वहीत नाही.